खिडकीच्या त्या बाजूचा धडा

अर्लीन टॉलिव्हरच्या हाताखाली गाडी शिकला नाही असा तरुण माणूस शहराच्या पूर्वेकडच्या काळ्या लोकांच्या वस्तीत शोधूनच काढावा लागला असता. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, केस विणून देणाऱ्या दुकानातल्या बहिणी, सिटी बसचे निम्मे ड्रायव्हर, सगळ्यांनी कधी ना कधी तिच्या पिवळ्या गाडीत घाम गाळला होता. गाडीचा रंग हॉटडॉगवर ओतायच्या मोहरीच्या सॉससारखा, म्हणून पोरं गाडीला 'मस्टर्ड' म्हणत आणि तिला मिस अर्लीन.

आधी ती सरकारी शाळेत हाच विषय शिकवायची. मग एका वर्षी खर्च झेपत नाही म्हणून शाळेने विषयच काढून टाकला. तिने घरी बसून रडण्याऐवजी एक जुनी गाडी घेतली आणि बस डेपोत मेकॅनिक असलेल्या धाकट्या भावाकडून, क्लेमेंटकडून, तिच्या बाजूला दुसरा ब्रेक बसवून घेतला.

"झालं," क्लेमेंट गाडीखालून बाहेर येत म्हणाला होता. "आता सगळ्या वस्तीचा जीव तुझ्या उजव्या पायाखाली. पायाला जप, ताई."

अर्लीन शिकवायची म्हणजे नीट शिकवायची. बर्फात गाडी घसरली तर काय करायचं, हायवेवर ट्रकच्या पुढे कसं जायचं, दोन गाड्यांच्या मधे गाडी कशी घुसवायची. पण तिचा शेवटचा धडा कुठल्या पुस्तकात नव्हता. तो चर्चच्या मागच्या मोकळ्या जागेत व्हायचा. विद्यार्थ्याला गाडी थांबवायला लावून ती उतरायची, डोक्यावर क्लेमेंटची डेपोची जुनी टोपी घालायची, हातात टॉर्च घ्यायची आणि मागून चालत येऊन खिडकीवर टकटक करायची. आता ती पोलीस असायची. कधी गोड बोलायची, कधी ओरडायची, कधी मुद्दाम एकाच दमात दोन उलटसुलट हुकूम सोडायची.

पोरं आधी हसायची. "मिस अर्लीन, टोपी उलटी घातली तुम्ही."

"टोपी राहू दे. तुझे हात कुठे आहेत?"

हात स्टिअरिंगच्या वरच्या टोकाला. कमरेखाली हात जाता कामा नये, मग नाकाला खाज का सुटेना. काही काढायचं असेल तर आधी बोल, मग थांब, मग हल. बोल, थांब, हल. हे तिने किती पोरांकडून घोकून घेतलं असेल याची गणती नव्हती. खिशाकडे हात जायला नको म्हणून तिने एक युक्तीही काढली होती. टेबलावर घालायच्या पारदर्शक प्लॅस्टिकची छोटी पाकिटं ती घरी शिवायची. त्यात परवाना, विमा, गाडीचा कागद. ते पाकीट एका स्टीलच्या चिमट्याने समोरच्या हवेच्या जाळीला लटकवायचं, सगळ्यांना दिसेल असं. परीक्षा पास झालेल्या पोराच्या हातात ती ते पाकीट द्यायची आणि आया फोटो काढायच्या. वस्तीतल्या गाड्यांत कोणाकडे जपमाळ लटकत असेल, कोणाकडे बाळाचा बूट, पण अर्लीनचं पाकीट सगळ्यांकडे होतं.

हे तिला वडिलांकडून आलं होतं. वडील अमेरिकेच्या दक्षिणेत लाकडाचा ट्रक चालवायचे. मागे पोलिसांची गाडी दिसली की ते डोक्यावरची हॅट काढून मांडीवर ठेवायचे आणि मिसरूड न फुटलेल्या गोऱ्या पोरालाही 'साहेब' म्हणायचे. छोट्या अर्लीनला ते आवडायचं नाही. तिने एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "हॅट डोक्यावर ठेवली असती तर डोकं ठेवता आलं नसतं, बाळ." दुसरी इस्टेट त्यांनी मागे ठेवली नाही.

जोव्हान मॅब्री तिच्याकडे आला तेव्हा त्याला गाडीत बसायचीसुद्धा घाई नव्हती. आरसे पाहणार, पट्टा दोनदा ओढून पाहणार, मग कुठे चावी फिरवणार. मागचे लोक हॉर्न वाजवून बेजार. अर्लीन त्याला 'आजोबा' म्हणायची.

"आजोबा, सिग्नल हिरवा झाला. अजून हिरवा व्हायचा नाही तो."

"बघतोय, मिस अर्लीन."

शेवटच्या धड्यात तिने त्याला घाबरवायचे सगळे प्रकार करून पाहिले. तो शांतपणे बोलला, थांबला, हलला. तिने टोपी काढली आणि त्याला घरी सोडताना त्याच्या आईला म्हणाली, "रोंडा, बाकीच्यांची मला धास्ती वाटते. याची नाही. याची काळजी तू करू नकोस."

रोंडा मॅब्री दवाखान्याच्या स्वयंपाकघरात काम करायची. ते वाक्य तिने ऐकलं आणि हसली. नंतर अर्लीनला त्या दिवसातलं दुसरं काहीही आठवेनासं झालं, हे वाक्य तेवढं राहिलं.

शरद ऋतूत, सुट्या भागांच्या गोदामातून कामावरून घरी येताना, जोव्हानच्या गाडीचा मागचा एक दिवा लागत नव्हता. ब्रेट कॉस्टिगन नावाच्या पोलिसाने त्याला थांबवलं. पुढचं सगळं त्या पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्यात होतं आणि ते बाहेर यायला वस्तीला महिनोन् महिने रस्त्यावर उभं राहावं लागलं. त्यात कॉस्टिगनचा आवाज आहे, "परवाना. हात दिसू देत." एका श्वासात दोन्ही. मग जोव्हानचा आवाज: "साहेब, कागद समोर जाळीला लावलेत. मी उजवा हात तिकडे नेतोय." मग तो थांबला. मग कॉस्टिगन, जास्त जोरात, "परवाना म्हटलं ना." मग हात पुढे गेला, टॉर्चच्या उजेडात स्टीलचा चिमटा चमकला, आणि गोळ्या.

बोलला, थांबला, हलला. तिने शिकवल्याबरहुकूम.

सरकारी वकिलाने जोव्हानच्या मृत्यूचं प्रकरण, खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या पंचांपुढे नेलं. बंद दाराआड काय झालं कोणाला कळलं नाही, तसा नियमच आहे. पंचांनी खटला भरायला नकार दिला. अधिकाऱ्याला जिवाची भीती वाटली आणि ती भीती वाजवी होती, एवढं बाहेर सांगण्यात आलं. कॉस्टिगनला तोवर पगारासकट ऑफिसात बसवून ठेवलं होतं.

त्या हिवाळ्यात अर्लीनने एक गोष्ट केली. रविवारी प्रार्थना चालू असताना ती बाहेर चर्चच्या पार्किंगमध्ये गेली. वस्तीत गाडीला कुलूप लावायची सवय फारशी कोणाला नव्हती. एकेक दार उघडून तिने जाळीवरचे स्टीलचे चिमटे काढले आणि त्यांच्या जागी कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावले. पुढच्या रविवारी दुसऱ्या चर्चबाहेर. मग केस विणायच्या दुकानाबाहेर. लोकांना कळलं, पण कोणी काही विचारलं नाही. क्लेमेंटने मात्र तिच्या पिशवीत खणखणणारे चिमटे ऐकले.

"आता लाकडाचे?"

"लाकूड चमकत नाही."

"ज्याला दिसायचं त्याला लाकडातही काहीतरी दिसेल." तो ब्रेक तपासायला वाकला होता, तसाच बोलला. "तू चिमटे बदलतेस, ताई. तो माणूस कोण बदलणार?"

"मला जे हाताला लागतं ते मी बदलते."

"तेच म्हणतोय. आपल्या हाताला नेहमी चिमटेच लागतात."

आता एकच दार उरलं होतं. शहरात नागरिकांचं एक मंडळ होतं, पोलिसांच्या वागण्याची चौकशी करणारं. त्याला शिक्षा करायचा अधिकार नव्हता. पण अमक्याला कामावरून काढा अशी शिफारस ते पोलीसप्रमुखांकडे करू शकत होतं. रोंडा अर्लीनच्या स्वयंपाकघरात येऊन बसली, कोट अंगावर तसाच.

"मला त्याला तुरुंगात बघायचं होतं, मिस अर्लीन. ते गेलं. आता एवढंच मागते, त्याच्या कमरेला पिस्तूल नको. माझी जनाया अजून त्याच रस्त्याने शाळेत जाते."

"मी काय करू सांग."

"तुम्ही मंडळापुढे सांगा, जोव्हानने जे केलं ते तुम्ही शिकवलेलं होतं. तो काही काढत नव्हता, कोणावर धावून जात नव्हता. हे तुमच्याइतकं नीट कोण सांगणार?"

क्लेमेंट दाराशी उभा होता. रोंडा गेल्यावर तो म्हणाला, "जाऊ नकोस. पोलिसांच्या संघटनेचा वकील येणार. तुला पिळून दोरीवर वाळत घालेल. तुझ्याच चिमट्यांनी."

"मला खरं सांगायचंय. खऱ्याला काय भीती?"

"बाबांना विचार," क्लेमेंट म्हणाला. बाबांना जाऊन तर कित्येक वर्षं झाली होती.

सुनावणी नगरभवनात होती. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते, मिस्टर पेंडल्टन, याच वस्तीतले. त्यांच्या शाळेत अर्लीनने कधीकाळी शिकवलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहून मान हलवली आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. कॉस्टिगन वकिलाच्या बाजूला बसला होता. तो तिला वाटला होता त्यापेक्षा लहान होता. सारखा घड्याळाचा पट्टा सैल-घट्ट करत होता.

रोंडाच्या वकीलबाईंनी विचारलं तेव्हा अर्लीनने सगळं सांगितलं. हात कुठे, पाकीट कुठे, बोल-थांब-हल. मागच्या रांगेत कोणीतरी पुटपुटलं, "मलाही तसंच शिकवलं," आणि अध्यक्षांनी टकटक केली.

मग संघटनेचा वकील उठला. तो हसतमुख होता. ओरडला नाही, डोळे वटारले नाहीत.

"मिस टॉलिव्हर, तुमची शिकवण फार चांगली आहे. माझ्या मुलीलाही तुमच्याकडे पाठवावं म्हणतो."

"पाठवा."

"बोल, थांब, मग हल. थांबायचं किती वेळ?"

"समोरचा हो म्हणेपर्यंत."

"ऑफिसर कॉस्टिगन 'हो' म्हणाले?"

"ते म्हणाले, परवाना म्हटलं ना."

"ते 'हो' आहे?"

टोपी घालून ती खिडकीशी उभी राहायची तेव्हा तिनेही कितीदा असंच ओरडून पाहिलं होतं, आणि पोरांना त्यावर हलायला सांगितलं होतं. न हललं तरी हुकूम मोडला, हललं तरी मोडला. यातून तिने एक वाट काढली होती, तिच्या परीने.

"परवाना मागितल्यावर परवाना दिला नाही तर काय होतं, साहेब? तेही मला ठाऊक आहे."

"मी ते विचारलं नाही. 'हो' हा शब्द ते बोलले का?"

"नाही."

"ठीक. आता तो चिमटा. स्टीलचा चिमटा त्या तरुणाला कोणी दिला?"

"मी दिला."

"तुम्ही असे बरेच दिले असतील. ते अजून त्या गाड्यांत आहेत?"

सभागृहात बसलेल्या निम्म्या लोकांच्या गाड्यांत आता लाकडी चिमटे होते, आणि ते तिच्याकडेच बघत होते.

"नाहीत. मी काढून घेतले."

"का काढले?"

"त्या रात्रीनंतर... कोणाला वाटू नये म्हणून."

"काय वाटू नये?"

"की हातात काही आहे."

"म्हणजे तुमच्याही मते त्या चिमट्यामुळे एखाद्या अधिकाऱ्याचा असा समज होऊ शकतो. हो की नाही, मिस टॉलिव्हर?"

ती रोंडाकडे बघू शकली नाही. "मी ते काढले," ती म्हणाली, "कारण माझ्या हातात तेवढंच होतं."

"हो की नाही?"

"हो."

वकील आभार मानून बसला. बाहेर आल्यावर क्लेमेंटने तिचा कोट तिच्या खांद्यावर टाकला. सांगितलं होतं ना, हे तो बोलला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. रोंडाने तिचा हात धरला. "तुम्ही खरं बोललात," ती म्हणाली. पण तिचा हात गार होता.

तरीही मंडळाने शिफारस केली. एका मताच्या फरकाने, पण केली. आणि पोलीसप्रमुखांनी, का कोणास ठाऊक, निवडणुका जवळ होत्या म्हणून असेल, कॉस्टिगनला काढून टाकलं. त्या शनिवारी चर्चच्या तळघरात मासे तळले. बटाट्याचं सॅलड, कोलार्डची भाजी, मिस हॅटीचा पौंडकेक, बर्फ घातलेला गोड चहा. पास्टरनी प्रार्थना म्हटली तेव्हा रोंडा पहिल्यांदा मोठ्याने रडली. जोव्हानची बहीण जनाया, सोळा वर्षांची, भिंतीला टेकून उभी होती, कागदी ताटलीतलं तसंच ठेवून.

"जेव गं," अर्लीन म्हणाली.

"मिस अर्लीन, हे संपलं का?"

"तो गेला ना कामावरून."

"मग संपलं का, म्हणते मी."

अर्लीनला वाटलं, पोर दुःखात आहे म्हणून असं विचारते. पोराटोरांना कळत नाही असं आपण समजतो. त्यांना आपल्या आधी कळतं, आपण फक्त नंतर कबूल करतो.

कॉस्टिगनच्या संघटनेने लवादाकडे दाद मागितली. पोलिसांचा शहराशी तसा करार होता. मंडळ काही म्हणो, प्रमुख काही करोत, शेवटचा शब्द लवादाचा. लवाद म्हणजे दुसऱ्या शहरातला एक माणूस, ज्याने ही वस्ती कधी पाहिली नव्हती. पुढच्या हिवाळ्यात निकाल आला: कामावर परत घ्या, बुडालेल्या पगारासकट. क्लेमेंटने फोनवर निकाल वाचून दाखवायला घेतला. ती म्हणाली, मी वाचते. गाडी बाजूला घेऊन तिने चष्मा लावला.

त्यात तिचं नाव होतं. 'चालकाच्या शिक्षिका मिस टॉलिव्हर यांनी स्वतः मान्य केल्यानुसार, ही धातूची वस्तू शस्त्र भासण्याची शक्यता होती. या शिक्षिकेने अशा वस्तू इतर गाड्यांतूनही काढून घेतल्या, हे लक्षणीय आहे.'

तिने चष्मा काढला. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण तिने आयुष्यभर ऐकली होती. संन्याशाने चोराची जामीनदारीही करावी, हे मात्र नवीन होतं.

रोंडा तिच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. महिनाभर ती चर्चमध्ये दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसली, एवढंच. आणि कॉस्टिगन परत पूर्वेकडच्याच ठाण्यात आला. केसाच्या दुकानातल्या बहिणींनी त्याला चौकात गाडी लावून कॉफी पिताना पाहिलं.

मग एक दिवस अर्लीनच्या दारात खोकं आलं. पोलीस खात्याकडून. सोबत छापील पत्र: दुर्दैवी घटनेतून धडा घेऊन खात्याने 'सुरक्षित थांबा' मोहीम हाती घेतली आहे, ड्रायव्हिंग शाळांनी तरुण चालकांना योग्य वर्तन शिकवावं, सोबतची पाकिटं वाटावीत. खोक्यात निळी कापडी पाकिटं होती. न चमकणारी. त्यावर खात्याचं चिन्ह छापलेलं, आणि खाली: शांत राहा, सहकार्य करा, सुखरूप घरी जा.

क्लेमेंटने एक पाकीट उचलून उलटंपालटं केलं. "शिवण बरी आहे. तुझ्यापेक्षा सरळ."

"क्लेमेंट."

"नाही, खरंच. तुझीच कल्पना, त्यांचं कापड, आणि पोरगं आपलं. कामाची वाटणी मस्त झाली आहे." त्याने पाकीट परत टाकलं. "यात कांद्याचं बी ठेवता येईल."

खोकं गॅरेजमध्ये पडलं. अर्लीन शिकवत राहिली, पण शेवटचा धडा आला की काहीतरी कारण काढून पुढे ढकलायची. बर्फ फार आहे, टोपी सापडत नाही. पोरं तशीच पास होऊन जाऊ लागली. एका आईने विचारलं, "मिस अर्लीन, ते पोलिसाचं नाही शिकवलंत?" तिने सांगितलं, शिकवीन. शिकवायचं काय, हेच तिला कळेनासं झालं होतं. थांब म्हणू? किती थांब? जोव्हान थांबला होता. हलू नको म्हणू? न हलल्याबद्दल खिडकीतून ओढून काढलेली पोरंही तिने पाहिली होती.

वसंतात रोंडाने फोन केला. आवाज कोरडाच होता. "जनायाला गाडी शिकायचीय. मी नको म्हटलं. दुसरीकडे जा म्हटलं. ऐकत नाही. तुमच्याकडेच यायचं म्हणते."

"तुला चालेल का?"

"मला काय चालतं हे कोणी विचारलंय आजवर?" रोंडा म्हणाली. "पाठवते."

जनाया भावाच्या अगदी उलट निघाली. धाडकन गाडीत बसायची, आरसा नंतर बघायची. अर्लीनचा उजवा पाय पुन्हा कामाला लागला. पहिल्या दिवशी वस्तीला एक चक्कर मारून झाल्यावर जनायाने विचारल्याशिवाय गाडी चर्चच्या मागे नेली आणि बंद केली.

"इथं कशाला? हा धडा शेवटी असतो."

"मला आधी हवाय."

"टोपी आणली नाही मी."

"मी आणलीय." तिने दप्तरातून एक टोपी काढली. जोव्हानची, गोदामाचं नाव लिहिलेली. "पण तुम्ही पोलीस नाही व्हायचं. तुम्ही इथं बसा. मी होते."

अर्लीनला नको होतं. पण पोरगी उतरून गेलीसुद्धा. अर्लीन सरकून स्टिअरिंगपुढे बसली. या धड्यात ती आजवर या बाजूला कधी बसलीच नव्हती. हात आपोआप वर गेले. आरशात टोपी येताना दिसली, मागच्या दिव्यापाशी थांबली, मग खिडकीशी आली. सोळा वर्षांच्या, आपल्याच चर्चमधल्या पोरीला पाहून तिची छाती धडधडत होती.

टकटक.

"नमस्कार, बाई," जनाया म्हणाली. "तुमचा मागचा एक दिवा लागत नाही."

अर्लीन वाट बघत राहिली. पुढचा हुकूम, पुढचा फास.

"दुरुस्त करून घ्या," जनाया म्हणाली. "जपून जा घरी."

आणि ती वळून चालू लागली.

"एवढंच?" अर्लीनने खिडकीतून विचारलं.

"एवढंच." जनाया थांबली. टोपीखाली तिचे डोळे नीट दिसत नव्हते. "सांगा ना, मिस अर्लीन, कठीण आहे का हे? दादाला तुम्ही किती दिवस शिकवलं. त्या पोलिसाला नाही का कोणी शिकवलं?"

अर्लीनचे हात अजून स्टिअरिंगवरच होते. खाली घ्यायचे तिला सुचलं नाही. कित्येक वर्षं ती खिडकीच्या एकाच बाजूची माणसं घडवत आली होती. हॅट काढायला, हात वर ठेवायला, आवाज मऊ ठेवायला. त्या बाजूला उभं राहून तिने फक्त ओरडण्याचं सोंग केलं होतं. तिथे चांगलं कसं वागायचं हे कधी करूनही पाहिलं नव्हतं, कारण ते तिचं काम आहे असं तिला वाटलंच नव्हतं. कोणाचं काम होतं ते?

त्या महिन्यापासून अर्लीन मंडळाच्या उघड्या बैठकीला जाऊ लागली. तिथे कुठल्याही नागरिकाला दोन मिनिटं बोलता येतं. पहिल्यांदा तिने निळ्या पाकिटांचं खोकं उचलून नेलं आणि अध्यक्षांपुढच्या टेबलावर ठेवलं.

"हे परत घ्या," ती म्हणाली. "आमची पोरं शिकलेली आहेत. मी हमी देते. माझ्याकडे मोकळी जागा आहे, गाडी आहे, टोपी आहे. तुमचे अधिकारी माझ्याकडे पाठवा, एकेक करून. ते खिडकीशी येतील, आमचं एक पोरगं आत बसेल. एका वेळी एकच हुकूम द्यायचा, आणि हात पुढे येईपर्यंत धीर धरायचा, एवढंच शिकवीन. फुकट शिकवीन. पहिला मिस्टर कॉस्टिगन यांना पाठवा."

मिस्टर पेंडल्टन यांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळेपणा होता, पण ओशाळेपणाला मत देता येत नाही. "सूचनेची नोंद घेतली जाईल, सिस्टर टॉलिव्हर," ते चर्चमधल्या सवयीने म्हणाले. "पुढचे वक्ते."

पुढच्या महिन्यात तिने विचारलं, नोंदीचं काय झालं. विषय प्रशिक्षण समितीकडे पाठवला आहे. त्याच्या पुढच्या महिन्यात समितीची बैठकच झाली नव्हती. त्याच्याही पुढे, तो विषय कराराच्या कक्षेत येतो, संघटनेशी बोलावं लागेल. उन्हाळाभर अशी तोंडाला पानं पुसणं चाललं. खोकं दर वेळी कोणीतरी सौजन्याने तिच्या गाडीत आणून ठेवायचं. ती दर वेळी परत न्यायची.

"ताई, त्या खोक्याला तरी दया दाखव," क्लेमेंट म्हणाला. पण हल्ली खोकं उचलायला तोच यायचा.

जनाया पास झाली त्या महिन्यात बैठकीला तीच गाडी चालवत होती. शेजारी अर्लीन, मागे रोंडा आणि क्लेमेंट, मधे खोकं. रोंडा पहिल्यांदाच येत होती. जाळीला लाकडी चिमट्याने पाकीट लावलेलं होतं, अर्लीनच्या हातचं. उन्हं अजून होती. चौक ओलांडल्यावर मागे पोलिसांची गाडी लागली. दिवे नव्हते लावलेले, नुसती मागे. आत कोण आहे ते काचेवरच्या उन्हाने दिसत नव्हतं.

"मिस अर्लीन," जनाया हळू आवाजात म्हणाली, "मी काय करू?"

आयुष्यभर ज्या प्रश्नाचं उत्तर देऊन अर्लीनने भाकरी मिळवली, त्याच प्रश्नावर तिच्याजवळ आज काही नव्हतं.

"गाडी चालव," ती म्हणाली. "बरोबर चालवतेस."

मागे रोंडाने खोक्याची कड घट्ट धरली होती. दोन सिग्नल गेले. तिसऱ्याला ती गाडी उजवीकडे वळून निघून गेली. कोणी सुस्कारा टाकला नाही. टाकला असता तर आपण किती घाबरलो होतो ते एकमेकांना कळलं असतं.

नगरभवनात माणसं नेहमीइतकीच होती. अर्लीनचं नाव पुकारलं तेव्हा रोंडाही उठली आणि खोक्याची दुसरी बाजू तिने धरली. दोघींनी ते टेबलावर ठेवलं. मिस्टर पेंडल्टन यांनी हात कपाळाला लावला.

"सिस्टर टॉलिव्हर, आपल्याला माहीत आहेच, दोन मिनिटं."

"माहीत आहे," अर्लीन म्हणाली, आणि माइक आपल्याकडे ओढून तिने पहिल्यापासून सुरुवात केली.